छावणीची रसद आणि पेढीची पत

गोंदिया शहरालगतचे नागरा हे गाव प्राचीन शिवमंदिरासाठी ओळखले जाते. भोवतालचा सारा मुलूख मात्र धानाचा. राइस मिल, धान्याची अडत, किराणा आणि कापड यांवर येथील व्यापारी कुटुंबांच्या पिढ्या उभ्या राहिल्या. गोंदियाहून निघणारा लोहमार्ग तिरोडा, तुमसर रोड, भंडारा रोड करीत कामठीला पोहोचतो. तेथील लष्करी छावणी १८२१ सालची. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे रेजिमेंटल केंद्र तेथे आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या अधिकाऱ्यांना घडविणारी अकादमीही तेथेच आहे. जेथे माणसे सरावासाठी एकत्र येतात, तेथे शिधा, पाणी, वाहने आणि तंबू लागतात, आणि त्यासाठी शासन निविदा काढते. गल्ल्यावर बसून रोखीचा वा ओळखीच्या उधारीचा व्यवहार करणाऱ्या कुटुंबाने या स्पर्धेत उतरावे काय, आणि उतरावयाचे तर कोणत्या तयारीने, हा प्रश्न आता नव्या पिढीसमोर आहे.

सरावामागील बाजारपेठ

लष्करी सराव म्हटला की डोळ्यांसमोर तोफा आणि रणगाडे उभे राहतात. देवळालीच्या तोफखाना विद्यालयातील गोळाबारीची प्रात्यक्षिके प्रसिद्धच आहेत. पुण्यानजीक औंध येथे मार्च २०१६ मध्ये अठरा राष्ट्रांच्या सैन्यांचा ‘फोर्स १८’ हा संयुक्त सराव झाला. पुढे २०१९ आणि २०२३ मध्ये आफ्रिकी देशांसमवेतचे सरावही तेथेच झाले. अशा मोठ्या आयोजनांपासून छात्रसेनेच्या दहा दिवसांच्या वार्षिक शिबिरापर्यंत प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट समान असते : सकाळचा चहा आणि दुपारचे जेवण ठरल्या वेळी मिळालेच पाहिजे.

भूदलाच्या रसदेची जबाबदारी आर्मी सर्व्हिस कोअरकडे असते. डाळ, तेल, चहा यांसारख्या कोरड्या शिध्याची मोठी खरेदी संरक्षण मंत्रालयाची आर्मी पर्चेस ऑर्गनायझेशन केंद्रीय पातळीवर करते. तांदूळ मुख्यतः भारतीय अन्न महामंडळाकडून येतो. त्यामुळे नागऱ्याच्या राइस मिलमालकाने थेट छावणीला तांदूळ विकण्याचे स्वप्न पाहणे बहुधा व्यर्थ ठरते. शासकीय धानाच्या भरडाईतून मात्र तो या साखळीत आधीच सामील आहे. एक क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ परत करावयाचा, ठेव भरावयाची, प्रत तपासून घ्यावयाची, मुदत पाळावयाची. हे सारे सरकारी कंत्राटच होय. जो हे काम निर्दोष करतो, त्याला निविदेची अर्धी शाळा घरीच मिळालेली असते.

स्थानिक पुरवठादारांसाठी खुली असणारी क्षेत्रे निराळी आहेत : भाजीपाला व फळे, दूध, भाड्याची मालवाहू वाहने, मांडव व तंबू, पाण्याचे टँकर, स्वच्छतेचे साहित्य. भूदलाच्या शिधापुरवठ्याची तपासणी करणाऱ्या भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१०-११ मधील अहवालात, ताज्या शिध्याच्या कंत्राटांमध्ये पुरेशी स्पर्धा होत नसल्याकडे लक्ष वेधले गेले होते. स्पर्धा थोडी असेल तर शासनाला भाव जास्त पडतो. प्रामाणिक नवा स्पर्धक म्हणूनच केवळ स्वतःसाठी नव्हे, तर राष्ट्राच्या तिजोरीसाठीही उपयोगाचा असतो.

उत्पादक की व्यापारी?

येथे अनेक कुटुंबांची पहिली फसगत होते. ९ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झालेल्या ‘जेम’ या शासकीय ई-बाजारपेठेमुळे दूरच्या गावातील पेढीलाही संगणकावरून निविदा भरता येते. ‘उद्यम’ नोंदणी केली की सर्व सवलती आपोआप मिळतात, असा समज मात्र चुकीचा आहे.

सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचे २०१२ चे सार्वजनिक खरेदी धोरण त्यांना तीन मोठे आधार देते. केंद्रीय मंत्रालये व उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी या उद्योगांकडून करावयाची असते. निविदेसोबतच्या बयाणा रकमेतून त्यांना सूट मिळते. शिवाय, न्यूनतम दर मोठ्या उद्योगाचा असेल आणि लघुउद्योगाचा दर त्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंतच अधिक असेल, तर तो न्यूनतम दर मान्य करून कामाचा वाटा मिळविण्याची संधी लघुउद्योगाला दिली जाते. मोठ्याने १०० रुपये लिहिले आणि लहानाने ११३, तरी लहानाचा मार्ग बंद होत नाही. त्याला १०० रुपयांत काम परवडते का, एवढाच प्रश्न उरतो.

परंतु या सवलती माल तयार करणाऱ्यांसाठी व सेवा देणाऱ्यांसाठी आहेत. घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणीची मुभा मिळाली, ती केवळ बँकांच्या प्राधान्यक्षेत्र कर्जापुरती. म्हणजे राइस मिल चालविणारा भाऊ सवलतीस पात्र ठरू शकतो, तर किराण्याची घाऊक पेढी सांभाळणारा भाऊ त्याच निविदेत पूर्ण बयाणा भरूनच उतरू शकतो. ४५ दिवसांत देयक मिळण्याचे आणि विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाचे २००६ च्या कायद्यातील संरक्षणही व्यापाऱ्याने गृहीत धरू नये. निविदा भरण्यापूर्वी आपण कोणत्या रांगेत उभे आहोत, हे सनदी लेखापालाकडून निश्चित करून घेणे अगत्याचे आहे.

न्यूनतम दराचा मोह

तांत्रिक लिफाफा पात्र ठरला की आर्थिक लिफाफा उघडतो आणि सर्वांत कमी दर देणारा पहिला ठरतो. “एकदा आत शिरू, मग पाहू” या विचाराने लिहिलेला दर घर बुडवितो. एक हिशेब पाहण्यासारखा आहे. समजा, काम २० लाख रुपयांचे असून त्यात चार टक्के, म्हणजे ८० हजार रुपये नफा धरला. देयक तीन महिने रखडले आणि खेळते भांडवल वार्षिक १२ टक्के व्याजाचे असेल, तर ६० हजार रुपये व्याजातच गेले. उरले २० हजार. विलंबासाठी दर आठवड्याला अर्धा टक्का दंडाची अट असेल आणि सारा माल दोन आठवडे उशिरा पोहोचला, तर तेही संपले. देयक चार महिने थांबले असते, तर नफा व्याजातच आटला असता.

ताज्या मालाच्या बाबतीत आणखी एक कलम असते. पुरवठा चुकला, तर छावणी तोच माल बाजारातून कंत्राटदाराच्या जोखमीवर व खर्चाने विकत घेते. जवानांचे जेवण दुसऱ्या दिवसावर ढकलता येत नाही. म्हणून दर लिहिण्यापूर्वी व्याज, वाहतूक, नासाडी, सुरक्षा ठेवीत अडकणारी रक्कम आणि एखादी नाकारलेली खेप हे सारे वहीत मांडले पाहिजे. एवढे मांडूनही परवडत नसेल, तर निविदा न भरणे हाच शहाणपणाचा व्यापार होय.

मर्यादा कोठे?

सैन्याशी व्यवहार म्हटला की श्रावकाच्या मनात अहिंसेचा प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे. शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे भेद केले आहेत. संकल्पी हिंसा गृहस्थालाही सर्वथा वर्ज्य. रक्षणार्थ घडणाऱ्या विरोधी हिंसेचा विचार मात्र निराळा केला आहे. श्रवणबेळगोळची बाहुबलीची मूर्ती उभविणारा चामुंडराय सेनापती होता. महाराणा प्रतापांना द्रव्यसाह्य करणाऱ्या भामाशाहांचे नाव आजही आदराने घेतले जाते. याचा अर्थ सारेच चालते असा नव्हे. पंधरा कर्मादानांतील विषवाणिज्यात शस्त्रांचा व्यापारही मोडतो. ताज्या शिध्यात मांस व अंडीही येतात. म्हणून निविदेची अनुसूची ओळ न् ओळ वाचून वर्ज्य वस्तू नसलेलेच काम निवडावे. एकत्रित कंत्राट घेऊन नको तो भाग उपकंत्राटदाराच्या गळ्यात घालणे ही पळवाट आहे. तंबू, वाहने, पाणी, भाजीपाला, दूध एवढे क्षेत्र पुरेसे विस्तीर्ण आहे.

त्याहून निकटचा प्रश्न अचौर्याचा आहे. तत्त्वार्थसूत्रात तिसऱ्या अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी मापे, मालातील भेसळ आणि राज्याच्या नियमांचे उल्लंघन यांचा समावेश होतो. निविदेच्या संदर्भात हे शब्द आजचेच वाटतात. लष्कराची अन्नपदार्थांसाठी स्वतंत्र मानके आहेत. नमुना एक आणि खेप दुसरी, हे तपासणीत उघडे पडते. एकाच घरातील तीन पेढ्यांनी संगनमताने तीन दर भरून स्पर्धेचा देखावा करणे, किंवा गावातील व्यापाऱ्यांनी बसून “यंदा तुझी पाळी” असे ठरविणे, यास कोणी व्यवहारचातुर्य म्हणेल. स्पर्धा कायदा, २००२ त्यास संगनमत म्हणतो. त्यासाठी संगनमताच्या प्रत्येक वर्षागणिक नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत, यांपैकी जे अधिक असेल तेवढा दंड होऊ शकतो. काळ्या यादीत नाव गेले, तर पुढील निविदांचे दार बंद होते आणि आजोबांनी मिळविलेली पत नातवाच्या हातून जाते.

प्रारंभ लहान असावा

पहिले पाऊल मोठ्या छावणीच्या वार्षिक कंत्राटाचे नसावे. एखाद्या शिबिराचा छोटा पुरवठा, दोन वाहनांचे भाड्याचे काम किंवा शासकीय वसतिगृहाचा शिधा येथून आरंभ करावा. वेळेवर पूर्ण केलेल्या कामाचे प्रमाणपत्र हीच पुढील निविदेची पात्रता ठरते. प्रत्येक खेपेची पोच, वजनाची चिठ्ठी आणि स्वीकृतीचा कागद त्याच दिवशी फाइलीत लावावा. देयक अडले तर बोलण्यापेक्षा हे कागद उपयोगी पडतात. घरातील संगणक जाणणाऱ्या मुलीकडे किंवा सुनेकडे ई-निविदेचे काम सोपवावे. महिलांच्या मालकीच्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी त्या २५ टक्क्यांतील तीन टक्के राखीव आहेत, हेही ध्यानात असावे.

सरकारी कंत्राटाने एका वर्षात श्रीमंत होण्याच्या गोष्टी बाजारात पुष्कळ ऐकू येतात. टिकून राहिलेल्या पेढ्यांची रीत मात्र वेगळी दिसते. त्यांचे माप पुरे भरते, कागद चोख असतो आणि न परवडणाऱ्या कामाला त्या वेळीच नकार देतात. नागऱ्यासारख्या गावातील कुटुंबाजवळ भांडवल थोडे असेल. पण ही शिस्त घरातच असेल, तर मोठ्या शहरातील पुरवठादारासमोर बिचकण्याचे त्यास कारण नाही.