विश्लेषण : रॅपर बोलतो एका आवाजात, गाण्यात ऐकू येतो दुसराच… असे का?

‘टायलर, द क्रिएटर’ या अमेरिकी रॅपरची एखादी मुलाखत ऐका. आवाज खर्जातला, जड. मग त्याचा २०१९ मधील ‘इगॉर’ हा अल्बम लावा. त्यातील बऱ्याच ठिकाणी बारीक, चढ्या पट्टीतला, जवळपास पोरसवदा आवाज ऐकू येतो. दोन्ही आवाज त्याचेच. याच अल्बमला २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचे ग्रॅमी मिळाले. गायकाचा गाता आवाज बोलण्यापेक्षा वेगळा असतो, याचे कुणाला नवल वाटत नाही. रॅप मात्र बोलण्याच्या जवळचा प्रकार. शिवाय ‘जसा आहे तसा बोलतो’ हा त्याचा कायमचा दावा. मग आवाज का बदलतो? आणि हा फरक अमेरिकेत थेट न्यायालयात महत्त्वाचा का ठरू लागला आहे?

यंत्राआधी घसा

बहुतेकांचा समज असा की, ही सारी स्टुडिओची करामत. ती आहेच, पण मोठा बदल माइकपर्यंत पोहोचण्याआधीच झालेला असतो.

बोलताना वाक्याच्या शेवटी आपला श्वास संपत येतो, सूर खाली घसरतो, शेवटची अक्षरे अर्धवट गिळली जातात. समोरचा माणूस चेहरा पाहून उरलेले समजून घेतो. रॅपमध्ये ही सोय नाही. ओळीचा शेवट हीच यमकाची जागा. तिथेच आवाज पडला तर सारे मुसळ केरात. त्यामुळे रॅपर शेवटच्या अक्षरापर्यंत श्वासाचा दाब टिकवतो आणि व्यंजने ठासून उच्चारतो. दाब वाढला की आवाज मोठा होतो आणि त्याबरोबर पट्टीही चढते. प्रौढ पुरुष बोलतो तेव्हा त्याच्या स्वरतंतूंची कंपने सेकंदाला साधारण १०० ते १२० च्या आसपास असतात. रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारून पाहा, आपला आकडा किती वर गेला ते यंत्राशिवायही कळेल.

त्यात रॅपरच्या कानांवर हेडफोन असतो आणि त्यात ढोल-बेस वाजत असतो. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने आणि चढ्या सुरात बोलू लागतो, हे फ्रेंच डॉक्टर एटिएन लोम्बार्ड यांनी १९११ मध्येच नोंदवले होते. त्यांच्याच नावाने हा परिणाम ओळखला जातो. शिवाय बेस खालची जागा व्यापून बसलेला असतो. आपले कान सर्वाधिक तीक्ष्ण असतात ते दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. त्या जागेत घुसणारा, थोडा नाकातला, धारदार आवाज कमी कष्टात ऐकू येतो. एमिनेमचा सुरुवातीच्या अल्बममधला किरटा आवाज आठवा.

याला इतिहासही आहे. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात डीजे कूल हर्कच्या पार्टीपासून हिप-हॉपची सुरुवात मानली जाते. तिथे माइकवर बोलणाऱ्याचे काम होते भल्यामोठ्या स्पीकरच्या वर आवाज काढून गर्दी नाचती ठेवणे. १९८० च्या दशकातील ‘रन-डीएमसी’ रेकॉर्डवरही जवळपास ओरडतच असत. १९८७ मध्ये ‘पेड इन फुल’ या अल्बममधून रकीमने शांत, बैठकीतल्या बोलण्यासारखी शैली आणली. त्यामुळे मोठे वळण मिळाले; पण ती ‘सहजता’ही कमावलेलीच होती. आपल्याकडे शाहीर आणि पोवाडा यांचे नाते काही वेगळे नाही. कार्यक्रमानंतर चहा पिताना बोलणारा शाहीर आणि डफावर थाप पडल्यावरचा शाहीर यांचे आवाज वेगळेच असतात, आणि त्याला कुणी खोटे म्हणत नाही.

मग स्टुडिओ काय करतो?

माइकच्या अगदी जवळ बोलले की खालचे सूर फुगतात. रेडिओ निवेदकाच्या भारदस्त आवाजामागे बरेचदा हेच असते. त्यानंतर कॉम्प्रेसर नावाचे यंत्र आवाजातील चढ-उतार दाबून सगळे एका पातळीवर आणते. कुजबुजही किंकाळीइतकी जवळ भासते. अनेकदा ओळी तुकड्या-तुकड्याने रेकॉर्ड होतात, त्यामुळे मधले श्वास गायब होतात. प्रत्यक्षात कुणी माणूस इतका वेळ श्वास न घेता बोलू शकत नाही.

सर्वांत परिणामकारक युक्ती मात्र जुनी आणि साधी आहे. तीच ओळ पुन्हा म्हणायची आणि दोन्ही आवाज एकावर एक चढवायचे. दोन उच्चारांत केसभर फरक राहतो, त्यातून आवाज रुंद आणि वजनदार होतो. टुपाक शकूरच्या गाण्यांतील दणदणीतपणा बऱ्याच अंशी अशा थरांतून आला आहे. ओळीच्या शेवटचे शब्द मागून उचलणारे आवाज तर आपल्या झीलकऱ्यांची आठवण करून देतात. फरक इतकाच की इथे शाहीर आणि झीलकरी एकच असतो.

पट्टीच बदलण्याचे उत्तम उदाहरण म्हणजे मॅडलिब. या संगीतकाराला रॅपसाठी स्वतःचा जड आवाज आवडत नसे. त्याने संगीत संथ करून त्यावर रॅप केला आणि नंतर सारे मूळ वेगाला आणले. आवाज हेलियमचा फुगा ओढल्यासारखा बारीक झाला. त्या आवाजाला त्याने ‘क्वासिमोटो’ असे नाव दिले आणि २००० मध्ये त्याच नावाने ‘द अनसीन’ हा अल्बम काढला.

ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर १९९७ मध्ये बाजारात आले. ते तयार करणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेलशोधासाठी भूगर्भातील लहरींच्या विश्लेषणाचे काम करत. बेसूर सूर हळूच सरळ करणे हा मूळ हेतू. टी-पेनने ते इतके उघडपणे वापरले की याला गाताच येत नाही, असा समज झाला. २०१४ मध्ये एनपीआर या रेडिओच्या ‘टायनी डेस्क’ मैफिलीत तो फक्त कीबोर्डच्या साथीने, ऑटो-ट्यूनविना गायला आणि टीकाकार गप्प झाले. म्हणजे यंत्र उणीव झाकण्यासाठीच असते असे नाही, ते वाद्यही असते. पुण्याचा एमसी स्टॅन हे आपल्या जवळचे उदाहरण. ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वात प्रेक्षकांनी त्याचे रोजचे बोलणे अनेक आठवडे ऐकले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो जिंकलाही, गाण्यांतील ऑटो-ट्यूनमध्ये घोळलेला आवाज आणि ते बोलणे यांची तुलना ज्याची त्याने करावी.

आवाज हेच पात्र

घसा आणि यंत्र यांच्यापलीकडे तिसरे कारण आहे, आणि तेच सर्वांत कमी लक्षात घेतले जाते. रॅपर अनेकदा पात्र रंगवतो. एमिनेमचा ‘स्लिम शेडी’ किंवा निकी मिनाजची ‘रोमन झोलान्स्की’ ही अशीच पात्रे. २०१० च्या ‘मॉन्स्टर’ या गाण्यातील एकाच कडव्यात निकी गोड, लाडिक आवाजातून थेट गुरगुरण्यावर जाते. केंड्रिक लामारच्या २०१२ मधील ‘स्विमिंग पूल्स’मध्ये दारूच्या नादी लागणाऱ्याशी त्याचे अंतर्मन बोलते आणि त्यासाठी वेगळा आवाज येतो. हे नेहमी साधतेच असे नाही. एमिनेमने २००९ च्या ‘रिलॅप्स’मध्ये चित्रविचित्र उच्चारशैलींचा इतका मारा केला की पुढच्याच वर्षी, अति झाले, अशी कबुली त्याने स्वतःच गाण्यातून दिली.

कधी मात्र आवाज नाइलाजाने बदलतो. २००० मध्ये झालेल्या गोळीबारात ५० सेंटच्या तोंडाला इजा झाली आणि त्याचा उच्चार कायमचा थोडा जडावला. कान्ये वेस्टने ‘थ्रू द वायर’ हे गाणे अपघातानंतर जबडा तारांनी बांधलेला असताना रेकॉर्ड केले. श्रोत्यांना या दोन आवाजांत ‘खरेपणा’ दिसला.

न्यायालयात कोणता आवाज?

यंग ठग (जेफ्री विल्यम्स) हा अटलांटाचा रॅपर चिरकणे, कुजबुजणे, किंचाळणे यांतून एकाच गाण्यात अनेक माणसे उभी करण्यासाठी ओळखला जातो. मे २०२२ मध्ये त्याला संघटित गुन्हेगारीच्या आरोपाखाली अटक झाली. जॉर्जिया राज्याच्या आरोपपत्रात त्याच्या गाण्यांच्या ओळीच टोळीच्या कारवायांचा भाग म्हणून नोंदवल्या होत्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी काही गाणी अटींसह पुरावा म्हणून मांडू दिली. सरकारी पक्षाचे म्हणणे असे की, ज्या ओळी प्रत्यक्ष गुन्ह्यांशी जुळतात त्या कला म्हणून सोडून देता येणार नाहीत. हा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. पण आरोपपत्राच्या कागदावर फक्त शब्द उतरतात. ती ओळ कोणत्या आवाजात, कोणत्या पात्राच्या तोंडी होती, हे तिथे दिसत नाही. कादंबरीतील खुन्याचे संवाद लेखकाचा कबुलीजबाब म्हणून कुणी वाचत नाही. रॅपरला ही सवलत सहज मिळत नाही, कारण तो ‘स्वतःच्याच आवाजात’ बोलतो असे गृहीत धरले जाते.

कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२२ मध्ये कायदा करून अशा ओळी पुरावा म्हणून मांडण्यापूर्वी न्यायालयाने त्यांचे मोल आणि त्यातून होणारा पूर्वग्रह दोन्ही तपासावेत असे बंधन घातले. जॉर्जियात तसे संरक्षण नव्हते. यंग ठगने ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी काही आरोप मान्य केले. तोवर कोठडीत काढलेला काळ शिक्षा म्हणून धरून १५ वर्षांच्या देखरेखीच्या अटीवर त्याची सुटका झाली.