पिन, वजन आणि ऐकीव सल्ले

टर्नटेबल घेतलेल्या माणसाला सल्ले फुकट मिळतात, आणि ते तीन घराण्यांतून येतात. एक घराणं चावीच्या फोनोचं. त्यातली मंडळी आजोबांकडून ऐकलेलं सांगतात. दुसरं हायफायवाल्यांचं. त्यांना तबकडीवरचा धुळीचा कणही खपत नाही. तिसरं डीजेंचं. त्यांना तबकडी हाताने मागेपुढे ढकलायची असते आणि पिन जागची हलायला नको असते. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे. घोटाळा होतो तो एका घराण्याचा कानमंत्र दुसऱ्याच्या यंत्राला लावल्यावर. टर्नटेबलबद्दलचे बहुतेक गैरसमज याच उसनवारीतून आलेत.

“दर तबकडीला पिन बदलायची”

चावीच्या फोनोच्या काळात हे शंभर टक्के खरं होतं. ७८ ची तबकडी लाखेची, आणि त्या लाखेत दगडाची बारीक भुकटी मिसळलेली. साउंडबॉक्सचं वजन शंभर ग्रॅमच्या वर. एक बाजू वाजून होईपर्यंत पोलादी पिनेचं टोक झिजून जायचं, म्हणून पिना डबीतून शेकड्याने विकत मिळायच्या. आजच्या कार्ट्रिजला हिऱ्याचं टोक असतं. ते साधारण ५०० ते १००० तास चालतं.

यावरून काहींनी भलताच निष्कर्ष काढलाय: हिरा आहे, मग झिजेल कशाला? एलपीच्या एका बाजूची रेघ उलगडून सरळ केली तर जवळपास अर्धा किलोमीटर भरते. ५०० तासांत पिनेचा साडेसहाशे किलोमीटर प्रवास होतो, म्हणजे मुंबईहून रस्त्याने पणजी गाठून आणखी थोडं पुढे. एवढ्या घर्षणाने हिऱ्याच्या गोल टोकाला दोन्ही बाजूंनी सपाट पैलू पडतात आणि त्यांच्या धारदार कडा रेघ तासायला लागतात. जुन्या बाजारातून घेतलेल्या टर्नटेबलवरची पिन किती तास चालली आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आधी ती बदलावी, मग आपली आवडती तबकडी लावावी.

दुसरा मुद्दा मापाचा. ७८ च्या रेघेला सुमारे ३ मिलचं, म्हणजे इंचाच्या तीन सहस्रांशाचं टोक लागतं. स्टीरिओ एलपीला पुरतं ०.७ मिल. एलपीची पिन ७८ वर ठेवली तर ती रेघेच्या तळाशी लोळते, तिथला सगळा कचरा वर आणते, आणि मग माणूस म्हणतो, “बालगंधर्वांची तबकडी पार गेलेली निघाली.” तबकडी बहुधा धड असते. आपल्याकडच्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरांत कार्ट्रिजपाशी एक छोटी पट्टी असायची. ती उलटी केली की एलपीची पिन वर जाऊन ७८ ची खाली यायची. नव्या टर्नटेबलवर ही सोय नसते, ७८ साठी वेगळी पिन घ्यावी लागते. आणि उलट बाजूने, चावीच्या फोनोवर हौसेने लावलेली एलपी एकाच फेरीत कायमची वाया जाते.

“वजन जितकं कमी, तितकी तबकडी सुरक्षित”

हा हायफायवाल्यांचा लाडका समज, आणि सर्वांत जास्त नुकसान यानेच होतं. रेघेच्या दोन भिंतींवर आवाज कोरलेला असतो. पिनेवर पुरेसा भार नसला तर मोठ्या सुराला ती भिंत सोडून उडते आणि परत आपटते. ते आपटणं भिंतीवर कायमचं उमटतं. कंपनी जो पल्ला देते त्याच्या मधोमध किंवा किंचित वर राहावं हे शहाणपणाचं. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई साठी हा पल्ला १.८ ते २.२ ग्रॅम आहे. डीजेंच्या ऑर्टोफोन काँकॉर्डसारख्या कार्ट्रिज तीन-चार ग्रॅमवर चालतात, त्या तशाच बनवलेल्या असतात.

वजन लावताना होणारी चूक अगदी ठरावीक आहे. टोनआर्मच्या मागच्या काउंटरवेटला पुढच्या बाजूने आकड्यांचं एक कडं असतं. पुष्कळजण नुसतं ते कडं फिरवून २ वर आणतात आणि काम झालं असं समजतात. कडं हे फक्त मोजमापाचं आहे, एकटं फिरवलं तर भार कणभरही बदलत नाही. क्रम असा: अँटिस्केट शून्यावर, पिनेचं टोपण काढलेलं, प्लॅटर थांबलेला. आर्म खाली न टेकता आणि वर न जाता आडवा तरंगेपर्यंत आख्खं काउंटरवेट फिरवायचं. तरंगला की वजन बोटांत घट्ट धरून नुसतं कडं शून्यावर आणायचं. त्यानंतर कड्यासकट आख्खं वजन हव्या आकड्यापर्यंत. तरंगताना पिन प्लॅटरवर आपटू नये म्हणून एक बोट हेडशेलच्या खाली असू द्यावं. छोटा डिजिटल काटा मिळाला तर या आकड्याची खातरजमा होते, आणि ती करावीच. जुन्या आर्मवरचे आकडे आणि खरा भार यांचं नेहमी पटतंच असं नाही.

राहिली हेडशेलवर नाणं चिकटवण्याची युक्ती. ती जुन्या डीजेंकडून आली. पार्टीत जमिनीचे हादरे बसतात, पिन उडते, मग चिकटवा नाणं. आपल्या रुपयाचं वजन तीन ग्रॅमच्या वर आहे. दोन ग्रॅमच्या कार्ट्रिजवर ते ठेवलं की भार पाच ग्रॅमच्या पलीकडे जातो आणि पिनेची नाजूक दांडी चेपून कार्ट्रिजचं पोट तबकडीला टेकतं. पिन उडत असेल तर आधी टर्नटेबल सपाटीत आहे का बघावं, मग वजन, मग पिनेवर साचलेला धुळीचा गोळा. नाण्याची पाळी सहसा येत नाही.

“अँटिस्केट शून्यावरच ठेवायचं, सगळे डीजे तसंच करतात”

स्क्रॅच करणारे तसं ठेवतात हे खरं, आणि त्याला कारण आहे. तबकडी पुढे जाताना घर्षणामुळे आर्म मध्याकडे ओढला जातो. अँटिस्केट त्याला बाहेरच्या बाजूने तोलून धरतं. हाताने तबकडी मागे ओढली की घर्षणाची दिशाच उलटते आणि तोच ताण पिनेला भलतीकडे ढकलतो. नुसतं ऐकणाऱ्याच्या बाबतीत यातलं काही घडत नाही. त्याने शून्य ठेवलं तर पिन आतल्या भिंतीवर रेलते, आणि बाहेरच्या भिंतीवर कोरलेला उजवा चॅनल आधी फाटायला लागतो. उजव्या स्पीकरमध्येच “स” खरखरत असेल तर शंका इथे घ्यावी.

सगळी गाणी नीट आणि शेवटचंच चिरकतंय, हे दुखणं वेगळं. एलपीच्या कडेला पिनेखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर रेघ सरकते, लेबलाजवळ जेमतेम २०. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने बसवलेला असतो, त्यामुळे कार्ट्रिज किंचित वाकडी असली तरी तिथे लगेच कळतं. तबकडीला बोल लावण्याआधी कार्ट्रिजचे दोन स्क्रू सैल करून ती मापाने बसवावी. टेक्निक्सच्या टर्नटेबलबरोबर यासाठी एक छोटं माप येतं: हेडशेलच्या मागच्या रबरी वायसरपासून पिनेच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर.

“डायरेक्ट ड्राइव्ह डीजेंसाठी, ऐकायला बेल्टच हवा”

टेक्निक्सचं एसएल-१२०० बाजारात आलं १९७२ मध्ये, ते घरात बसून गाणी ऐकणाऱ्यांसाठी. डीजेंनी ते नंतर आपलंसं केलं, आणि १९७९ च्या एमके२ मध्ये वेग कमीजास्त करायची सरकपट्टी आली. बेल्टचा दोष ऐकण्यात नाही. तबकडी हाताने थांबवली की पट्टा घसरतो आणि सोडल्यावर वेग पकडायला वेळ लागतो, एवढाच. एमके२ ०.७ सेकंदात वेग पकडतं. ज्याला मिक्सिंग शिकायचंय त्याने स्वस्तात मिळतंय म्हणून बेल्टचं घेऊ नये, ज्याला किशोरीताई ऐकायच्या आहेत त्याने काहीही घ्यावं.

“घूं आवाज येतोय, अँप्लिफायर गेला”

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. अँप्लिफायर दुकानात जातो, दुरुस्तीचे पैसे जातात, घूं तसाच राहतो. टर्नटेबलच्या मागून दोन आरसीए वायरींबरोबर एक बारीक, टोकाला काट्यासारखी फुटलेली वायर निघते. ती मिक्सरच्या किंवा फोनो प्रीअँपच्या मागच्या ‘जीएनडी’ स्क्रूखाली घट्ट बसवायची असते. भिंतीतल्या प्लगच्या अर्थिंगला ती कधीही जोडू नये. आर्मला बोट लावल्यावर घूं कमीजास्त झाला तर दोष याच वायरीत आहे असं समजावं.

मोठ्या आवाजातच घूं वाढत वाढत जात असेल तर मात्र तो विजेचा नाही. स्पीकरची थरथर टेबलातून पिनेपर्यंत पोचते, पिन ती पुन्हा स्पीकरला देते, आणि हा फेरा चालू राहतो. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच टेबलावर ठेवायचे नाहीत, आणि टर्नटेबलखाली कडप्प्याचा तुकडा व त्याखाली रबर घालायचं. नव्या कार्ट्रिजपेक्षा या दोन गोष्टींनी जास्त फरक पडलेला मी पाहिलाय.

आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येत असेल तर वायर लाइनच्या भोकात गेली आहे. साध्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात. शिवाय तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि तार सूर चढवलेले असतात. १९५४ पासून आरआयएएचं हे प्रमाण सर्वत्र रूढ झालं. ते उलटवून सपाट करण्याचं काम फोनो इनपुट करतं. उलट प्रकार ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी१२० सारख्या टर्नटेबलवर होतो. त्यात प्रीअँप आतच असतो. मागचं बटण लाइनवर ठेवून वायर फोनोत घातली की तेच काम दोनदा होतं आणि आवाज फुगून फाटतो. जुन्या सूटकेस प्लेअरांना ही भानगड नव्हती. त्यांच्या सिरॅमिक कार्ट्रिजचा जोर मोठा असल्याने त्या सरळ अँप्लिफायरला जोडल्या जात, आणि “आमच्याकडे असलं काही लागत नव्हतं” हे वाक्य तिथूनच आलंय.

एकच स्पीकर बंद पडला तर काहीही उघडण्याआधी मागच्या दोन आरसीए एकमेकांच्या जागी घालून बघावं. मुकेपण दुसऱ्या स्पीकरकडे गेलं तर दोष टर्नटेबलच्या बाजूला. मग हेडशेल काढून त्याच्या मागचे चार बारीक ठिपके खोडरबराने हलक्या हाताने पुसायचे. निम्म्या वेळा काम तिथेच होतं. हेडशेलच्या आतल्या चार वायरींचे रंगही ठरलेले आहेत: पांढरी आणि निळी डाव्या चॅनलची, लाल आणि हिरवी उजव्याची. एखादी जोडी उलटी लागली तर आवाज बंद पडत नाही. खर्ज मात्र गायब होतो आणि गायक कुठे उभा आहे ते कळेनासं होतं. टाइमकोडच्या तबकडीवर लॅपटॉपमधली गाणी वाजवणाऱ्या डीजेला हीच चूक फार विचित्र रूपात भेटते. तबकडी सरळ फिरते आणि गाणं उलटं वाजतं, कारण दोन चॅनलपैकी कोणता पुढे आणि कोणता मागे यावरूनच सॉफ्टवेअर दिशा ओळखतं. लोक सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा टाकत बसतात.

“स्पिरिटने पुसली की तबकडी चकाचक”

स्पिरिटात लाख विरघळते. ७८ ची तबकडी त्याने पुसली तर रेघाच पुसल्या जातात. बाजारातली अनेक क्लीनर अल्कोहोलवरच बनलेली असतात, तेव्हा बाटलीवरची बारीक अक्षरं वाचावीत. ७८ ला कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब आणि मऊ कापड पुरतं. लेबल मात्र कोरडं ठेवावं. पावसाळ्यात बुरशी आलेली तबकडी पिन लावण्याआधी धुवून पूर्ण वाळवावी, आणि जुनं कागदी पाकीट फेकून द्यावं, नाहीतर तीच बुरशी आठवड्याभरात परत येते.