‘ऑप-एड’ म्हणजे संपादकीय मत नव्हे

इंग्रजी वृत्तपत्रांतील ‘ऑप-एड’ या शब्दाची फोड बरेच जण ‘ओपिनियन-एडिटोरियल’ अशी करतात. ती सहज पटते, पण चुकीची आहे. मूळ प्रयोग ‘ऑपोझिट द एडिटोरियल पेज’ असा, म्हणजे संपादकीय पानासमोरचे पान. ‘ऑपोझिट’वरून ‘विरोधी मतांचे पान’ हा अर्थ काढणेही बरोबर नाही. शब्द जागा सांगतो, भूमिका नाही. वाद एवढ्यावरच संपत असता तर सोडून देता आला असता. पण या चुकीच्या फोडीमुळे वृत्तपत्राचे मत आणि लेखकाचे मत यांतली रेघ पुसली जाते आणि पाहुण्याचे म्हणणे घरमालकाच्या माथी मारले जाते. अग्रलेखाखाली सहसा नाव नसते, कारण तो वृत्तपत्राचा आवाज असतो. समोरच्या पानावरचा लेख मात्र सहीनिशी येतो, आणि त्यातले मत सही करणाऱ्याचे असते.

हे पान ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने शोधून काढले, हाही अर्धाच खरा समज. १९२१च्या सुमारास न्यूयॉर्कच्याच ‘वर्ल्ड’मध्ये हर्बर्ट बेयर्ड स्वोप यांनी संपादकीयासमोरच्या पानावरचा किरकोळ मजकूर हटवून ते मतप्रदर्शनाला दिले. मात्र तिथे लिहिणारे प्रामुख्याने वृत्तपत्राचेच लेखक होते. ‘टाइम्स’ने २१ सप्टेंबर १९७० रोजी त्या जागेवरचे मृत्युलेख हलवले आणि पान बाहेरच्यांना खुले केले. संपादकीय विभागाचे प्रमुख जॉन ओक्स यांनी त्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला होता. आपल्या अग्रलेखांशी न जुळणारी मतेही आपल्याच अंकात यावीत, ही त्यांची इच्छा होती. म्हणून ‘विरोधी मतांचे पान’ हा समज अगदीच निराधार नाही. शब्दाच्या अर्थात मात्र तो बसत नाही.

लेख निवडतो संपादक, मग वृत्तपत्राने हात कसे झटकावेत, हा आक्षेप रास्त आहे. जून २०२० मध्ये सिनेटर टॉम कॉटन यांचा, दंगली आवरण्यासाठी लष्कर पाठवा असे सांगणारा लेख छापल्यावर ‘टाइम्स’मध्येच वादळ उठले आणि मतविभागाचे प्रमुख जेम्स बेनेट यांना पद सोडावे लागले. पण तिथे जाब विचारला गेला तो छापण्याच्या निर्णयाचा आणि संपादनातल्या कसुरीचा. कॉटन यांचे मत ‘टाइम्स’चे ठरले नाही. निवडीची आणि तथ्ये तपासण्याची जबाबदारी संपादकाची, मताची लेखकाची, असा हा हिशेब आहे. मोबाइलवर समोरासमोरची पानेच उरली नाहीत, मग या भेदाला अर्थ काय, असेही विचारले जाते. २०२१ मध्ये ‘टाइम्स’ने याच कारणाने ‘ऑप-एड’ हे नाव सोडले. पण बाहेरच्यांच्या लेखांवर ‘गेस्ट एसे’, म्हणजे पाहुण्याचा निबंध, अशी पाटी लावली.