६,३२७ डॉल्फिन : पहिल्या मोजणीत काय दडले आहे

भारतातल्या नद्यांमध्ये ६,३२७ डॉल्फिन आहेत. केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलेला हा आकडा नदी-डॉल्फिनच्या पहिल्या देशव्यापी मोजणीचा. त्यासाठी आठ राज्यांतल्या २८ नद्यांचे ८,५०७ किलोमीटर पात्र तपासले गेले आणि ३,१५० मनुष्यदिवस लागले. म्हणजे एका माणसामागे दिवसाला २.७ किलोमीटर, आणि दर चार किलोमीटरला सरासरी तीन डॉल्फिन. महाराष्ट्रातल्या एकाही नदीत हा प्राणी नाही. भारतात तो गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू यांच्या खोऱ्यांतच राहतो.

२००९ साली गंगेतला डॉल्फिन राष्ट्रीय जलचर ठरला. तो किती आहे हे कळायला त्यानंतर १५ वर्षांहून अधिक काळ गेला. एक कारण त्याच्या श्वासात आहे. तो ३० ते १२० सेकंदांनी पाण्यावर येतो आणि लगेच बुडी मारतो, त्यामुळे दिसलेले आणि असलेले यांत फरक पडतो. हा फरक भरून काढण्यासाठी दोन पथके एकाच पात्राची स्वतंत्र नोंद करतात. समजा, दोघांनाही प्रत्येकी १० डॉल्फिन दिसले आणि त्यांतले ८ दोन्ही नोंदींत आहेत. तर प्रत्यक्षात तिथे १०×१०÷८, म्हणजे १२ ते १३ असावेत. जोडीला पाण्याखालचे ध्वनिग्राहक त्यांचे आवाज टिपतात. म्हणून ६,३२७ ही शिरगणती नाही, अंदाज आहे.

राज्यवार विभागणी एकतर्फी आहे. उत्तर प्रदेशात २,३९७ आणि बिहारमध्ये २,२२० डॉल्फिन आहेत. दोन्ही मिळून ४,६१७, म्हणजे ७३ टक्के. पश्चिम बंगालमध्ये ८१५, आसाममध्ये ६३५, झारखंडमध्ये १६२, राजस्थान आणि मध्य प्रदेश मिळून ९५, पंजाबात ३. या प्राण्याचे भवितव्य मुख्यतः दोन राज्यांतले बंधारे, पाण्याचा उपसा आणि मासेमारीची जाळी ठरवणार, असा याचा अर्थ.

झारखंडचे १६२ एकूण संख्येच्या २.६ टक्केच भरतात. पण गंगा या राज्यात फक्त साहिबगंज जिल्ह्यातून, सुमारे ८० किलोमीटर वाहते. हा हिशेब ढोबळ आहे, तरीही किलोमीटरला दोन डॉल्फिन पडतात, म्हणजे देशाच्या सरासरीच्या अडीच पटींहून जास्त. चंबळ नदीचे चित्र उलट आहे. तिचे पाणी उत्तरेतल्या स्वच्छ पाण्यांत गणले जाते, तरी राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या तिच्या पात्रात मिळून ९५च. डॉल्फिनला स्वच्छतेइतकीच खोली लागते, आणि वरच्या धरणांनी अडवलेल्या नदीत उन्हाळ्यात ती उरत नाही.

पंजाबातले ३ वेगळे मोजायला हवेत. ते बियास नदीतले सिंधू डॉल्फिन आहेत. बाकीचे ६,३२४ गंगेतल्या डॉल्फिनच्या जातीचे. भारतातून नामशेष मानला गेलेला सिंधू डॉल्फिन २००७ साली पंजाबातल्या हरिकेजवळ पुन्हा दिसला. २०१८च्या पाहणीत त्यांची संख्या ५ ते ११ धरली गेली. आता ३. पाकिस्तानात सुमारे दोन हजार आहेत, पण मधल्या बंधाऱ्यांमुळे तिकडून एकही इकडे येऊ शकत नाही.

संख्या वाढली की घटली? बियास सोडल्यास या मोजणीतून उत्तर मिळत नाही. पूर्वी तीन-चार हजारांचे अंदाज दिले जात, पण त्यांची पात्रे वेगळी होती आणि पद्धतीही. त्यांच्याशी तुलना करून 'दुप्पट झाले' म्हणणे चूक ठरेल. गंगेतल्या डॉल्फिनसाठी अहवाल ५,९७७ ते ६,६८८ असा पल्ला देतो. म्हणजे पुढच्या वेळी आकडा तीनशेने वर गेला, तरी तो या पल्ल्यातच राहील आणि त्याला वाढ म्हणता येणार नाही. मादी दोन-तीन वर्षांतून एकदा एकच पिल्लू देते. म्हणून घट झाली तर ती भरून यायला दशक लागू शकते, आणि ती वेळेत कळायची तर पुढची मोजणी याच पात्रांत, याच ऋतूत, याच पद्धतीने व्हायला हवी.