पाण्याखालचा पहारा

सोलापूरजवळ नान्नज हे गाव आहे. तेथील गवताळ माळावर माळढोक पक्ष्याच्या रक्षणासाठी १९७९ साली अभयारण्य स्थापन झाले. माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांपैकी अत्यंत वजनदार पक्षी होय. नराचे वजन १५ किलोपर्यंत भरते. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे समोरचे त्याला फारसे दिसत नाही. आडवी आलेली विजेची तार ऐन वेळी दिसली, तरी जड शरीरामुळे त्याला चटकन वळता येत नाही. शिकार व माळरानांचा नाश यांमुळे हा पक्षी आधीच दुर्मिळ झाला होता. त्यात या तारांची भर पडली.

तारांमुळे किती पक्षी मरतात, हे कसे कळावे? राजस्थानच्या वाळवंटात भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी ८० किलोमीटर तारांखाली वर्षभरात सात वेळा फिरून शोध घेतला. त्यांना २८९ मृत पक्षी आढळले. त्यांत माळढोकही होता. अशा पाहणीमुळे तारांवर ठळक चकत्या लावणे, काही तारा जमिनीखालून नेणे, असे उपाय योजता येतात.

जमिनीवर पडलेला पक्षी निदान सापडतो. समुद्राच्या पोटात काय घडते, ते मात्र दिसत नाही. आणि आता तर समुद्रातही वीज निर्माण होऊ लागली आहे. भरती-ओहोटीच्या प्रवाहाने पाण्याखालची पाती फिरतात व वीज मिळते. तिच्यासाठी कोळसा जाळावा लागत नाही. परंतु त्या पात्यांचा जलचरांना धोका नाही ना?

उत्तर आयर्लंडमधील स्ट्रँगफर्ड खाडीच्या अरुंद मुखात २००८ साली ‘सीजेन’ नावाचे असे यंत्र बसविण्यात आले. त्याच्या प्रत्येक चक्राचा व्यास १६ मीटर होता. त्या खाडीत सील हे सस्तन प्राणी राहतात. त्यांच्यासाठी प्रथम यंत्राच्या मनोऱ्यावर निरीक्षक बसत. परंतु गढूळ पाण्यात नजर कोठवर पोहोचणार? म्हणून ध्वनीचे साहाय्य घेण्यात आले. डोंगरासमोर हाक मारली की प्रतिध्वनी येतो. तसाच पाण्यात सोडलेला ध्वनी प्राण्यावर आपटून परत येतो आणि त्याचे स्थान कळते. सील ५० मीटरांच्या आत आला की यंत्र थांबवीत. काही सीलांच्या अंगावर लहान नोंदयंत्रे चिकटवून त्यांचे मार्गही अभ्यासले.

सील पूर्वीप्रमाणे खाडीतून ये-जा करीत राहिले. मात्र यंत्राच्या अगदी जवळून जाणे ते टाळू लागले. त्यांची मोठी हानी झाल्याचे आढळले नाही. तरीही एक प्रश्न उरलाच. सील जवळ येताच यंत्र थांबत असल्यामुळे, फिरत्या पात्याजवळ तो कसा वागतो, हे या पाहणीतून समजू शकले नाही. २०१९ पर्यंत ते यंत्र काढून टाकण्यात आले.

माळावरचा माळढोक असो की खाडीतला सील, मुक्या प्राण्याला आपली तक्रार सांगता येत नाही. म्हणून वीज निर्माण करणाऱ्या मनुष्यानेच डोळे आणि कान उघडे ठेवले पाहिजेत.