फोटोतलं धुराडं

आण तो मोबाइल इकडे. वा, रोहित पक्षी झकास टिपलेस! पण मागचं आभाळ असं कोरं कसं रे? शिवडीच्या जेट्टीवर उभं राहिलं की पलीकडे माहुल-ट्रॉम्बेच्या तेलाच्या टाक्या आणि धुराडी दिसतात. ती कुठे गेली? ॲपने पुसलीस? अरे, अर्धी गोष्टच पुसलीस की!

धाकटे, तूही ये. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. हा पक्षी गुलाबी जन्माला येत नाही. पिल्लू राखाडी-पांढरं असतं, आणि गुलाबी व्हायला त्याला दोन-तीन वर्षं लागतात. या फोटोत कडेला उभे आहेत ना मळकट दिसणारे, ते धुराने काळवंडलेले नव्हेत, ती अजून पोरं आहेत. रंग येतो तो पोटातून. चिखलात निळं-हिरवं शेवाळ असतं, नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही इतकं बारीक. त्यात कॅरोटिनॉइड नावाची द्रव्यं असतात. गाजराला रंग देणारं द्रव्यही याच कुळातलं. पक्ष्याचं यकृत त्यांच्यावर प्रक्रिया करतं आणि तो रंग पिसांत उतरतो.

आता चोच नीट बघ, फोटो मोठा कर. मधेच वाकलेली आहे ना? कारण हा पक्षी डोकं उलटं करून जेवतो. चोचीच्या आत कडेने बारीक दातेरी झालर असते. जाडजूड जीभ मागेपुढे होते आणि पाणी आत ओढून बाहेर ढकलते, तेही सेकंदाला कित्येक वेळा. आजी चहा गाळते तसंच, फक्त इथे चोथा हेच जेवण. लहान रोहिताची झालर फार बारीक, म्हणून तो मुख्यतः शेवाळच खातो. मोठा रोहित किडे-कोळंबीही गट्ट करतो.

मग या खाडीत एवढं शेवाळ आलं कुठून? आपल्या मोरीतून! मुंबई-ठाण्याचं सांडपाणी खाडीला मिळतं. त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे शेवाळाला खतच. शिवडीच्या चिखलावर हे पक्षी मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९९०च्या दशकात. सांडपाण्याने शेवाळ फोफावलं आणि त्यामागे पक्षी आले, असं बरेच अभ्यासक मानतात.

“म्हणजे आपण घाण करतो ते चांगलं, आजोबा?”

छे गं! त्याच पाण्यातून कारखान्यांची रसायनं आणि जड धातूही येतात, आणि तेही त्याच चोचीतून पोटात जातात. घाण फारच वाढली तर पाण्यातला प्राणवायू संपतो. ज्या ताटात जेवण, त्याच ताटात विष. म्हणून म्हणतो, फोटोत पक्षी आणि धुराडं दोन्ही हवीत.

गंमत सांगू? धुराडं पक्ष्याच्या अगदी पाठीशी दिसतं, पण मधे कितीतरी पाणी पसरलेलं असतं. लांबून मोठ्या लेन्सने फोटो काढला की पुढच्या-मागच्या वस्तू एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. ही करामत लेन्सची कमी आणि आपण कुठे उभे राहिलो त्याची जास्त. त्यामुळे चित्रात दोघं शेजारी दिसले, तरी ते खरोखर किती जवळ आहेत हे फोटोखाली लिहावं लागतं. माझ्या मते न लिहिणं ही लबाडीच.

आता तर तिथे अटल सेतूही आला. जवळपास २२ किलोमीटर लांबीचा हा पूल जानेवारी २०२४मध्ये सुरू झाला. शिवडीच्या बाजूला पक्ष्यांसाठी आवाज अडवणारे कठडे बसवलेत. ठाणे खाडीचा एक भाग २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आला. म्हणजे एकीकडे संरक्षण, एकीकडे काँक्रीट, आणि दोन्ही एकाच फोटोत मावतात. असा फोटो मला नुसत्या गुलाबी पंखांपेक्षा जास्त आवडतो.

पुढच्या वेळी वेळ बघून जा. शिवडी मुंबईच्या पूर्व किनाऱ्याला, म्हणजे सकाळी ऊन तोंडावर येतं आणि दुपारनंतर पाठीशी. भरती चढू लागली की पक्षी पाण्यापुढे सरकत जेट्टीजवळ येतात. पाणी उतरलेलं असेल तर ते लांब ठिपक्यांएवढे. चिखलात मात्र पाय घालायचा नाही, माणूस मांडीपर्यंत रुततो. ड्रोन तर नकोच, सगळा थवा उठतो. भरतीचा हिशेब कोळ्यांना तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट करा, भरतीची साधारण वेळ मिळते. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे तीनच्या सुमारास पोहोचायचं.

“आणि नवमीला, आजोबा?”

तूच सांग.

“पावणेसात! पण हिवाळ्यात तोवर अंधार पडतो.”

मग नवमी बाद. दादाला सांग, भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढची षष्ठी शोध, आणि रविवार असेल तर मलाही उठव.