गोल्फचे घड्याळ फटका कसा ओळखते आणि कुठे चुकते

नवा रायपूर येथील फेअरवे गोल्फ अँड लेक रिसॉर्टच्या मैदानावर छत्तीसगड ओपन ही व्यावसायिक स्पर्धा झालेली आहे. हौशी खेळाडू हल्ली फटक्यांची नोंद मनगटावरच्या जीपीएस घड्याळावर सोपवतात आणि खेळ संपल्यावर वैतागतात. मारलेला फटका गायब, न मारलेला हजर! असे का होते ते या पाठात पाहू.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. घड्याळाला चेंडू दिसत नाही, फक्त मनगट कळते. आतला त्वरणमापक हाताच्या वेगातील बदल नोंदवतो, जायरोस्कोप हात किती वळला ते सांगतो आणि जीपीएस आपण कुठे उभे आहोत ते. मोठा स्विंग आणि त्यात एक धक्का मिळाला, की घड्याळ फटका झाला असे धरते. पण क्लब व चेंडू यांचा स्पर्श जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. संवेदक सेकंदाला १०० वाचने घेतो असे मानले, तर दोन वाचनांत १० मिलिसेकंदांचे अंतर पडते. म्हणजे प्रत्यक्ष आघात बहुधा निसटतो. हाती लागते ती मनगटातली नंतरची थरथर. हळुवार चिपमध्ये ती क्षीण असते, पटिंगमध्ये जवळजवळ नसतेच. पटिंगचे फटके ओळखले जात नाहीत, असे गार्मिनच्या पुस्तिकेतच लिहिलेले असते. उलट सरावाच्या स्विंगमध्ये क्लब जमिनीला घासला, तर संकेत खऱ्या फटक्यासारखाच येतो.

उपाय म्हणून उंबरठा खाली आणला तर खोटे फटके वाढतात, वर नेला तर खरे सुटतात. समजा, पटिंग सोडून ५६ फटके मारले आणि प्रत्येकाआधी सरावाचा एक स्विंग केला. घड्याळ ९५ टक्के खरे फटके पकडते आणि ५ टक्के सरावाचे स्विंग फटके समजते. नोंद होईल सुमारे ५३ खऱ्यांची आणि ३ खोट्यांची. बेरीज ५६! एकूण आकडा बरोबर आला म्हणून समाधान मानणाऱ्याला सहा चुका दिसणारच नाहीत.

याहून वाईट परिणाम अंतरावर होतो. फटक्याची लांबी म्हणजे या नोंदीच्या जागेपासून पुढच्या नोंदीच्या जागेपर्यंतचे अंतर. मधला फटका सुटला की त्याची लांबी आधीच्या फटक्याच्या खात्यात जमा होते. ड्राइव्ह ३२० मीटर दिसला तर कोणीही हसून ती नोंद पुसेल. पण १३० मीटरच्या सेव्हन आयर्ननंतरची २० मीटरची चिप सुटली, तर १५० हा आकडा खरा वाटतो आणि तसाच राहतो. दहापैकी तीन वेळा असे झाले, तर सरासरी येते (७ × १३० + ३ × १५०) ÷ १० = १३६ मीटर. पाण्यापलीकडे १३५ मीटर गाठायचे असताना खेळाडू घड्याळावर विसंबून तोच क्लब उचलतो, आणि चेंडू तळ्यात जातो.

इथे चुका यादृच्छिक नाहीत: छोटे फटकेच सुटतात, म्हणून लांबी नेहमी वाढूनच दिसते. जास्त फेऱ्या खेळून ही चूक विरत नाही. मध्यक घेतला तर वरच्या उदाहरणात १३० हेच उत्तर मिळते. क्लबच्या मुठीला लावायचे वेगळे संवेदकही मिळतात. त्यांनी कोणता क्लब वापरला ते कळते, पण क्षीण धक्क्याची अडचण पुरती जात नाही. तेव्हा पुढच्या टीवर जाण्याआधी नोंद हाताने तपासावी; आठ-दहा होल उलटल्यावर कुठली चिप सुटली हे आठवत नाही.